पांढरी डबी, लाल डबी

अण्णांचा उजवा कान गाण्याचा होता आणि डावा मेंढरांचा. पांढरी डबी घरात आल्यापासून ते असेच रानात जायचे. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली डबी, तिची एक वायर उजव्या कानात आणि दुसरी छातीवर तशीच लोंबत सोडलेली. दोन्ही कान गाण्याला दिले तर मागं राहिलेलं कोकरू ओरडलेलं कळणार नाही, म्हणून डावा कान मोकळा. रानातून परत येताना ते लांबूनच ओळखू यायचे, कारण मान उजवीकडं किंचित कललेली असायची, जणू कुणी कानात काही सांगतंय आणि ते कौतुकानं ऐकून घेतायत.

डबी म्हणजे तेव्हा नव्यानं निघालेला, काडेपेटीहून थोडा मोठा एमपीथ्री प्लेअर. आमच्या वस्तीवर एकदोघांकडं मोबाइल होते, पण त्यांच्यावर नुसतं बोलता यायचं. गाणी खिशात घेऊन फिरायचं तर ही डबी. तिच्यात गाणी आपोआप येत नसत, दुकानात जाऊन संगणकावरून भरून आणावी लागत. आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या बाजारात, अशी दोन दुकानं होती, समोरासमोर. एकाकडं पांढऱ्या रंगाची डबी मिळायची आणि दुसऱ्याकडं लाल. त्यांच्या कंपन्यांची नावं मला आजही पाठ आहेत, पण ती मी इथं लिहिणार नाही. त्या नावांसाठी माझ्या घरानं जेवढं केलं तेवढं पुरे झालं. आमच्याकडं लोक नुसतं पांढरी आणि लाल म्हणायचे, आणि माणसांना पांढरीवाले आणि लालवाले.

आमची वस्ती वाशीपासून थोडी आत, माळाच्या उताराला. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला जाळीची वाघूर, तिच्यात मेंढरं. सकाळी जाग यायची ती मेंढरांच्या खोकण्यानं आणि आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. मेंढरू माणसासारखंच खोकतं. वसतिगृहात पहिल्या थंडीत शेजारची मुलगी खोकली तेव्हा मला घराची आठवण येऊन रडू आलं होतं. आईची येसराची आमटी मी पुढं किती ठिकाणी करून पाहिली, ती चव नाही आली. थंडीत हुलग्याची शेंगोळी व्हायची, लसूण सढळ हातानं घातलेली, आणि त्या वासाला लोकरीचा ओलसर वास मिसळलेला असायचा. तो वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या पुस्तकांनाही होता. मी तेव्हा कॉलेजला होते, उस्मानाबादला. सरकारी कागदावर उस्मानाबाद, पण आमच्या घरात तेव्हाही धाराशिवच म्हणायचे. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी अण्णा माझी पिशवी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत यायचे आणि एसटी सुटेपर्यंत उभे राहायचे. त्या उभं राहण्यावर मी पदवीधर झाले, असंच मी मानते.

अण्णा पांढरीवाले का झाले, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पांढरी चांगली होती म्हणून नव्हे. बाजारात अण्णांना कुणी बसा म्हणायचं नाही. कापडाच्या दुकानात गेले तरी दाराशी उभं राहून, लांबूनच बोट दाखवून कापड घ्यायचे. घोंगडं, धोतर, अंगाला मेंढरांचा वास. दुकानदार नाक मुरडायचे आणि अण्णांनाही ते सवयीचं झालं होतं. दिगूशेठचं पांढऱ्या डबीचं दुकान नवं होतं. अण्णा काचेतून नुसतं बघत उभे होते, तर दिगूशेठ स्वतः बाहेर आला, त्यांना आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं, चहा मागवला. वर म्हणाला, "अण्णा, घ्यायचं का न्हाय ते मागनं बगू. आदी कानाला लावून तर बगा." आणि आपल्या हातानं वायर अण्णांच्या कानात बसवली. घरी येऊन अण्णांनी गाण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. आईला म्हणाले, "खुर्चीवर बसिवलं मला. गादीच्या."

त्या खुर्चीसाठी अण्णांनी पुढं दिगूशेठला अर्धी वस्ती गोळा करून दिली. माझा मामेभाऊ, आमच्या शेताशेजारचे दोघे भाऊ, देवळातला पुजारी, सगळ्यांना अण्णांनी स्वतः वाशीला नेऊन पांढरी घेऊन दिली. एकदा पांढरी घेतली की गाणी भरायला दिगूशेठकडंच जावं लागे. समोरचा राजाभाऊ लालवाला होता, तो पांढरी डबी हातातसुद्धा घ्यायचा नाही, आणि दिगूशेठही लालला शिवायचा नाही. वर प्रत्येक गाण्याच्या आधी दुकानाचा आवाज भरलेला असायचा. अभंग असो, ओवी असो, आरती असो, आधी एक खरखरीत आवाज ओरडायचा, "वाशी! स्टँडसमोर! दिगूशेठ!" आणि मग देवाचं नाव. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमच्या एका कानाचं लगीन झालंय त्या शेठसंगं. आता दुसऱ्या कानाला तरी आमचं ऐकू येऊ द्या." अण्णा हसायचे. त्यांना तो आवाजही आवडायचा. ओळखीच्या माणसानं रानात हाक मारल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे भीमाकाका, लालवाले होते. आधी ही चेष्टा होती. काका म्हणायचे, "दादा, तुमच्या डबीत गळा बसल्यावानी आवाज येतो." अण्णा म्हणायचे, "तुजी डबी रंगानंच कळती, बाजारू." मग चेष्टा कडू होत गेली. दारांवर कंपनीची चिकटपट्टी आली, पांढरीची पांढरी आणि लालची लाल. देवळापुढच्या कट्ट्यावर पांढरीवाले एका बाजूला आणि लालवाले दुसऱ्या बाजूला बसू लागले. डबीचा चार्जर दोघांचा सारखाच होता, तरी लालवाल्याचा चार्जर पांढरीवाला मागत नसे आणि मागितला तरी मिळत नसे. एकदा काकूला कणकण आली, आई आमटी घेऊन गेली, तर काका दारातच म्हणाले, "पांढरीच्या घरची आमटी?" चेष्टेतच म्हणाले असतील. पण आई भांडं तसंच परत घेऊन आली. ती आमटी मग कुणीच खाल्ली नाही.

आज मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत पोरं कुणाच्या बापाचा फोन कुठल्या कंपनीचा, यावरून एकमेकांची गचांडी धरतात, तेव्हा मला अजून किळस येते. पोरांची नव्हे. आमच्या मोठ्या माणसांची, जी त्या वेळी पोरांहून पोर झाली होती आणि ज्यांना त्यात मोठी मजा वाटत होती.

त्याच वर्षी आक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुलगा तामलवाडीकडचा, दत्ता नावाचा, शांत, कष्टाळू. सोयरिकीत भावकीनं अण्णांना सुचवलं की एकाच मांडवात धाकटीचंही उरकून टाका, म्हणजे माझं. अण्णा म्हणाले, "धाकटी शिकतीया. तिचं नाव काढू नका." एवढंच बोलले, पण मला ते आतल्या खोलीत ऐकू आलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. भावकीतल्या काहींना ते लागलं. त्यामुळं आक्काचं लग्न बिनबोभाट पार पडणं अण्णांना फार गरजेचं होतं. ते मोडलं असतं तर लोक म्हणाले असते, एकीला शिकवायला गेला आणि दुसरी घरात बसली. मग माझं शिक्षणही राहिलं नसतं, हे मला तेव्हाच कळत होतं.

सुपारीच्या बैठकीला नवऱ्याचे मामा आले होते. पांढरे बूट, मनगटात जाड कडं. त्यांचं तामलवाडीत दुकान होतं आणि त्या दुकानात लाल डब्या होत्या, हे आम्हाला त्याच दिवशी समजलं. देण्याघेण्याचं बोलणं झालं आणि उठता उठता मामा म्हणाले, "पोराला गाण्याची हौस हाय. रुखवतात एक डबी मांडा. पर लाल बरं का."

अण्णा म्हणाले, "डबी देतो की. पांढरी देतो, चांगल्यातली."

"लाल म्हनलो म्या."

"आमच्या घरातनं लाल न्हाय निगायची, पाव्हनं."

मध्ये बसलेले भीमाकाका खाली बघून हसत होते. मामा म्हणाले, "बगू, बगू. लग्नात बगू." सगळ्यांना वाटलं, पाहुणे थट्टा करतायत. आई मात्र आत येऊन म्हणाली, "ह्यो मानूस थट्टेतला न्हाय." तिनं अण्णांना दोनदा सांगून पाहिलं की घेऊन टाका लाल, एक डबी ती काय. अण्णा म्हणाले, "दिगूशेठला जबान दिलीया. त्यानं मला खुर्ची दिली, म्या त्याला पाठ दावू व्हय?" आईनं मग विषय सोडला. लग्नाच्या कामात तिला तो धरून बसायला फुरसत नव्हती.

लग्नाच्या दिवशी मांडवात शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसावं, तर दिगूशेठचा फ्लेक्स. "आमच्या निष्ठावंत ग्राहकाच्या कन्येस शुभाशीर्वाद." वर दिगूशेठचा फोटो, हात जोडलेला. खाली आक्काचं आणि दाजींचं नाव, बारीक अक्षरात. दिगूशेठ सकाळीच आला होता आणि रुखवताच्या टेबलावर मधोमध, आईनं केलेल्या रंगीत शेवयांच्या आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या मध्ये, लाल मखमलीवर पांढरी डबी त्यानं स्वतः मांडली होती. आईनं रात्री जागून केलेले लाडू त्यासाठी मागं सरकवले होते. अण्णा नव्या फेट्यात उभे होते आणि दिगूशेठचा हात त्यांच्या खांद्यावर होता. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी विसरले नाही. बाजारातला मोठा माणूस आपल्या दारात आला, आपल्या लेकीच्या लग्नात राबतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

वऱ्हाड आलं, जेवणाआधीचा चहा झाला, नवरदेव परण्याला मारुतीच्या देवळात गेला. तिथून वाजतगाजत मांडवात यायचं आणि मग अक्षता. मामा आधी पुढं आले ते रुखवत बघायला. डबी बघितली आणि मोठ्यानं म्हणाले, "ही पांढरी ब्याद उचला हितनं. न्हायतर नवरदेव देवळातनं उठनार न्हाय."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग ते हात जोडून म्हणाले, "पाव्हनं, मुहूर्त टळंल."

"टळू द्या की. बैठकीत सांगितलं व्हतं."

दिगूशेठ पुढं झाला. "कामून उचलायची? तुमच्या लालचा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यावानी."

"आन तुमच्या पांढरीचा? रेडा रेकल्यावानी."

मांडवात हशा पिकला. खरं तर इथं कुणा शहाण्यानं दोघांना बाजूला घ्यायला हवं होतं. भीमाकाका पुढं झाले तेव्हा मला वाटलं, घरचं माणूस आता काही बोलेल. ते म्हणाले, "वाद कशाला? भोंगा हाय की मांडवात. दोन्ही डब्या लावा, लोकांना ऐकू द्या. ज्याचा आवाज गोड, ती रुखवतात." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्या सख्ख्या पुतणीचा मुहूर्त डोक्यावर असताना ज्या माणसाला ही युक्ती सुचली आणि ज्या माणसांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, ती सगळी मी जन्मापासून ओळखत होते. त्यातल्या कित्येकांच्या मांडीवर मी खेळले होते.

मांडववाल्यानं वायर जोडली. आधी पांढरी लागली. "वाशी! स्टँडसमोर! दिगूशेठ!" असं माळभर दुमदुमलं आणि मग सनई. पांढरीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मग लाल लागली. "तामलवाडी! हायवेलगत!" आणि मामाचं नाव, आणि मग पुन्हा सनई. तीच सनई, तोच तुकडा. म्हातारे, तरणे, सगळे डोळे मिटून ऐकत होते आणि माना डोलावत होते, कुणी म्हणे पांढरीत खोली आहे, कुणी म्हणे लालमध्ये गोडवा आहे. मग हात वर करून मोजणी करायचं ठरलं. एकाच माणसानं दोन्हीकडं हात वर केला म्हणून भांडण झालं आणि पुन्हा पहिल्यापासून सनई लागली. मागं चुलीवरून उतरवलेली वांग्याची भाजी थंड होऊन तिच्यावर तेलाचा थर आला होता आणि बुंदीवर माश्या बसत होत्या.

मी आत गेले. आक्का पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिचे ओठ सुकले होते.

"नंदे, भाईर काय चाललंय?"

"गाणी लावल्यात," मी म्हणाले.

"माज्या लग्नाची?"

मी तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. ती म्हणाली, "अण्णा कुठं हायती?" मी म्हणाले, भोंग्याजवळ उभे आहेत. तिनं मान हलवली, एखादी गोष्ट कळल्यावर हलवतात तशी, आणि हातावरच्या मेंदीकडं बघत बसली.

बाहेर आले तोवर हातघाई सुरू झाली होती. मामांनी भोंग्यातून पांढरी उपटली आणि मांडवाच्या खांबावर हाणली. दिगूशेठनं लाल ओढून चुलीच्या दगडावर आपटली. दोन्हींची झाकणं उडाली. एक डबी लाडवांच्या परातीत पडली आणि दुसरी माझ्या पायाशी. मी दोन्ही उचलल्या. पांढऱ्या झाकणाखाली हिरवी पट्टी होती. लाल झाकणाखालीही हिरवी पट्टी होती. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं नाव तेच, नंबर तोच, एक अक्षर चुकलेलं होतं ते दोन्हीकडं तसंच चुकलेलं. मी कधी चारचौघांत मोठ्यानं बोललेली मुलगी नव्हते. त्या दिवशी ओरडले, "एकच हाय हे! आतून दोन्ही एकच हाय! बगा!"

सगळे माझ्या हातांकडं बघू लागले. मला वाटलं, संपलं. आता सगळे शरमेनं खाली बघतील आणि अक्षता सुरू होतील. मी कॉलेजात शिकत होते आणि माणसाला खरी गोष्ट दाखवली की तो आपलं मत बदलतो, यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता.

जवळच्या एका म्हाताऱ्यानं दोन्ही पट्ट्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि परत दिल्या. "आसंल आतून येक," तो म्हणाला. "पर आवाज लालचाच गोड." दुसरा म्हणाला, "शेवटी कंपनी ती कंपनी." आणि पुन्हा गलका सुरू झाला.

दिगूशेठ माझ्याकडं बघून हसला. कौतुकानं हसला. "पोरगी शिकल्याली हाय अण्णा तुमची," तो म्हणाला. "आगं बाय, समदा माल सोलापूरच्या येकाच बोळातनं येतो. वरलं झाकन तेवढं आमचं आमचं." मामांनीही मान हलवली, धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला द्यावी तशी दाद दिली. तो राग, तो खांबावर हाणलेला तडाखा, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. दोघं बोलत बोलत मांडवामागं गेले, जिथं भाताची हंडी होती. तिथं पान लावलं, खाल्लं. परत आले तेव्हा मामांचा हात दिगूशेठच्या खांद्यावर होता.

"अण्णा," दिगूशेठ तोंडातलं पान सावरत म्हणाला, "देऊन टाका लाल. काय बिघडतंय?"

अण्णा म्हणाले, "शेठ, तुमाला दिल्याली जबान..."

"आवो, माज्या दुकानात बी येनार हाय लाल, पुढल्या म्हैन्यापासनं. हे मामाच देनार हायती. धंद्यात आसं येकाला धरून बसायचं नसतं, अण्णा."

तो हे अगदी प्रेमानं बोलला. खुर्ची दिली होती तेव्हा याच आवाजात बोलला असेल. अण्णांचा हात नकळत छातीवर गेला, जिथं त्यांची स्वतःची पांढरी डबी नव्या सदऱ्याखाली होती. लग्नातसुद्धा त्यांनी ती काढली नव्हती. मी त्या माणसाला दुष्काळात मेंढरं मरत असताना पाहिलं आहे, आजारपणात पाहिलं आहे, पण तसा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. त्यांनी फेटा सारखा केला आणि मारुतीच्या देवळाकडं बघून मान हलवली, की चला, आणा नवरदेवाला.

नवरदेव आला. मामांच्या जीपमध्ये लाल डब्यांचं खोकंच होतं, त्यातली एक त्यांनी भाच्याच्या गळ्यात घातली होती. मुंडावळ्या, हार, आणि मध्ये लाल डबी, तिचा निळा दिवा लुकलुकतोय. अंतरपाट धरला. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला. आक्कानं हार उचलला आणि तो उचललेलाच राहिला.

"ते आदी काढा," ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण भटजींच्या माइकनं ते माळभर नेलं. दाजींनी मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "राहू दे, राहू दे. घाल पोरी हार." दाजींनी डबी सदऱ्याच्या आत सारली. निळा दिवा पातळ पांढऱ्या कापडातून लुकलुकत राहिला. आक्काचे हात तसेच वर. हार जड होता, झेंडूचा, ती उपाशी होती, तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "पोरगी खमकी हाय." कुणीतरी दुसरं काही म्हणालं, ते मी लिहीत नाही.

मग दाजींनी दोरी मानेवरून काढली. हे त्यांनी स्वतः केलं, आणि त्यासाठी मी त्यांना आजवर मान देते. डबी हातात घेऊन ते उभे राहिले, तर घ्यायला कुणी पुढं होईना. मामांनी हात पाठीमागं बांधले. शेवटी अण्णा पुढं झाले. त्यांनी ती लाल डबी घेतली, मग सदऱ्यात हात घालून स्वतःची पांढरी काढली आणि दोन्ही रुखवताच्या टेबलावर, मी तिथं आणून ठेवलेल्या फुटक्या डब्यांशेजारी ठेवल्या. आक्कानं हार घातला. टाळ्या वाजल्या, तितक्याच जोरात, जितक्या भोंग्याच्या वेळी वाजल्या होत्या.

आक्काचा संसार नीट झाला. मामा तिच्या घरी फारसे येत नाहीत. मोठे मोबाइल आल्यावर दोन्ही डब्या एकाच पावसाळ्यात दिसेनाशा झाल्या. पोरांनी त्यांच्या दोऱ्या पतंगाला बांधल्या. आणि ज्यांनी दारावर चिकटपट्ट्या लावल्या होत्या ते आता फोनवरून भांडतात. त्यातल्या कुणाला विचारलं तर आक्काच्या लग्नाची गोष्ट ते हसून सांगतात. म्हणतात, लई मजा आली होती.

अण्णा त्या दिवसानंतर कानाला काही न लावता रानात गेले. दोन्ही कान मेंढरांचे. मान सरळ झाली, आणि मला ती सरळ मान बघवायची नाही.

मी नोकरीला लागल्यावर त्यांना फोन घेऊन द्यायचा हट्ट धरला. ज्यात गाणी असतील असा. वाशीला नेलं. दिगूशेठचं दुकान आता दोन मजली आहे, काचेचं दार, आत गार हवा. मी त्या दुकानात नेणार नव्हतेच, आम्ही पुढं चाललो होतो. पण त्यानं आतून पाहिलं आणि लगबगीनं बाहेर आला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "अण्णा! किती वर्षांनी! आमचं जुनं गिऱ्हाईक! या, या, बसा." त्यानं स्वतः आतून एक खुर्ची ओढत आणली, गादीची, आणि दारात ठेवली. रस्त्यावरची दोनचार माणसं बघायला लागली.

अण्णांनी खुर्चीकडं पाहिलं. हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली.

"उभाच बरा हाय म्या, शेठ," ते म्हणाले. "बसलो की तुमी इकता."

दिगूशेठ हसला. त्याला वाटलं, फोन विकण्याबद्दल बोलतायत.